एक जून

आमच्या शाळेत सगळ्यांचाच जन्म एक जूनचा.
गुरुजींनी डोक्यावरून हात नेऊन
पलीकडचा कान धरायला लावला.
बोटं पोचली, म्हणजे सहा पूर्ण. लिहा.

म्हणून एकतीस मेला, यावलच्या पंचेचाळीस डिग्रीत,
आम्ही चौघी एकदमच रिटायर झालो.
चार शाली, चार नारळ, भाषण एकच.

माय म्हणायची, तू कपाशीच्या दुसऱ्या वेचणीची.
ओटीत कापूस होता आणि कळा बांधावर सुरू झाल्या.
म्हणजे कार्तिक.
म्हणजे सरकारकडे माझे साडेपाच महिने निघतात.
"ते आता विसरा, बोरोले सिस्टर,"
पंचायत समितीतले निकुंभ भाऊसाहेब म्हणाले,
"तारीख बदलायची तर नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत."
त्या पाच वर्षांत मी हरिपुऱ्याच्या पाड्यांवर होते,
दुसऱ्यांच्या जन्मवेळा
मिनिटासकट रजिस्टरात लिहीत.

त्यांचं टेबल कुलरच्या तोंडाशी.
कागद उडू नयेत म्हणून वर जेवणाचा डबा
आणि माझं सेवापुस्तक.

"अंशराशीकरण," ते म्हणाले.
माझा चेहरा पाहून पाठकोऱ्या कागदावर पोळी काढली,
तिचा एक तुकडा पेनाने तोडला.
पेन्शन तीस हजार. त्यातले चाळीस टक्के विकता येतात.
आज बारा लाख पाच हजार चारशे चोवीस हातात,
मग दरमहा बारा हजार कमी, पंधरा वर्षं.
वर्षाच्या आत अर्ज दिला तर तब्येत बघत नाहीत.

मी मनात भागाकार केला. लसींचा हिशोब करणारीला जड नाही.
शंभर महिन्यांत फिटतं, एकशे ऐंशी कापतात.
"मधले ऐंशी कोणाचे?"
"व्याजाचे," निकुंभ म्हणाले. "लवकर गेलात तर घरच्यांचा फायदा.
जास्त जगलात तर तोटा."

चौतीस वर्षं मी बायांना उलटंच सांगत आले.

हर्षलला सगळेच पैसे हवेत.
सावद्याला मित्राबरोबर केळी पिकवायचं चेंबर टाकायचंय.
फोनवर एसीचं टनेज सांगतो, गॅसचं नाव सांगतो,
मध्येच, "मम्मी, तुझी बीपीची गोळी झाली ना?"
पोरगं वाईट नाही. घाईत आहे.

मला हमीदभाई तडवी आठवले, मलेरियाचे.
त्यांनी अख्खे चाळीस घेतले, स्लॅबचं घर बांधलं.
पंधरा वर्षं झाली, सोळावं लागलं, सतरावं संपलं,
बारीक पेन्शन येतच राहिली.
कापणं आता थांबवा, हे कोणीतरी कोणाला तरी
लिहून कळवायचं राहून गेलं होतं.
रक्ताचे नमुने घेत ते सातपुडाभर पायी फिरले,
हा एक अर्ज मात्र त्यांना कोणी दाखवला नाही.

घरी येऊन मी कॅलेंडरच्या मागे लिहिलं:
पंधरा वर्षांनी, स्वतः जाऊन विचारणे.
खाली तारीख. आणखी खाली, हर्षलसाठी: मी नसले तर
कापणं तिथेच संपतं, ते पैसे कोणी मागितले तर देऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी फॉर्मवर टक्क्यांच्या चौकोनात
दहा लिहिलं.
तीन लाख एक हजार तीनशे छप्पन.
त्यात वरचं न्हाणीघर होतं, गुडघ्याचा एक्सरे होतो,
आणि हर्षलला आठवडाभर रुसायला कारण.
"बस दहाच?" निकुंभ म्हणाले.
म्हटलं, हो. मी जरा जगणार आहे.

ते हसले नाहीत. शिक्का शोधत म्हणाले,
"आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला.
बँकेत जायचं, मशीनवर अंगठा."

माझे अंगठे साबणाने आणि स्पिरिटने गुळगुळीत झालेत.
रेशनचं मशीनसुद्धा मला तिसऱ्या खेपेला ओळखतं.
पण नोव्हेंबर.
दुसरी वेचणी तेव्हाच असते.
गुरुजींना सापडला नाही तो महिना
सरकारने न कळत बरोबर धरला.
दर वर्षी, माझ्या खऱ्या वाढदिवसाच्या आसपास,
काचेमागून कोणीतरी विचारेल,
आहात का?
मी अंगठा पदराला पुसेन,
पुन्हा ठेवेन.